समोरचा वकील कोणाचा? आमच्या तालुक्यातल्या एका पोराचं एक्स्ट्राडिशन

तान्ह्या पोळ्याचा दिवस होता, दुपारचे चार-साडेचार झाले असतील, गल्लीत लेकरं लाकडी बैल घेऊन घरोघरी फिरून राहिली होती आणि हनुमानाच्या पारापाशी एक बोलेरो येऊन थांबली. त्यात आपल्या ठाण्याचे दोन शिपाई आणि साध्या कपड्यातले तीन हिंदी बोलणारे माणसं. पोरगा अंगणात उकिडवा बसून शेजारच्या लेकराच्या बैलाचं निखळलेलं चाक खिळ्यानं बसवत होता. त्याला नाव विचारलं, बापाचं नाव विचारलं, जन्मतारीख विचारली, त्यानं सगळं खरं सांगितलं, मग एकानं फाइलमधून कागद काढून दाखवला. घरच्यांना वाटलं पीककर्जाचं काहीतरी असेल. त्याच्या मायनं तर आत जाऊन सोसायटीचं पासबुक आणलं. कागद मात्र दिल्लीच्या मॅजिस्ट्रेटचं वॉरंट होता, प्रत्यार्पण कायदा १९६२ खाली काढलेलं.

मी यवतमाळ जिल्ह्यात तालुक्याच्या कोर्टात सोळा वर्षांपासून वकिली करतो, म्हणजे वाटणीचे दावे, पांदणीच्या भानगडी, अपघाताचे क्लेम, जामीन. एक्स्ट्राडिशन, म्हणजे प्रत्यार्पण, एका देशानं मागितलेला आरोपी दुसऱ्या देशानं त्याच्या हवाली करणं, हा शब्द मी पेपरातच वाचला होता, मल्ल्या आणि नीरव मोदीच्या नावासोबत. हे प्रकरण माझ्याकडं आलं ते फक्त या कारणानं की पोराचा बाप माझ्या वडिलांसोबत जिनिंगमध्ये कामाला होता. आता सगळं संपल्यावर घरच्यांना विचारून लिहून राहिलो आहे, गाव आणि देश दोन्ही लिहीत नाही. आपल्याकडचे पोरं आता खेड्यापाड्यातून बाहेरदेशी जाऊन राहिले आहेत, कोणावर ही वेळ आली तर आम्ही जे चार महिने वाया घालवले ते त्यांनी घालवू नयेत एवढ्यासाठी.

झालं असं होतं. पोरगा डिप्लोमा करून पश्चिमेकडच्या एका देशात शिकायला गेला, शिक्षण संपल्यावर व्हॅन चालवून पार्सलं पोचवायचं काम धरलं. एका संध्याकाळी पावसात त्याच्या व्हॅनची धडक सायकलवरच्या एका म्हाताऱ्या माणसाला बसली आणि तो माणूस दुसऱ्या दिवशी दवाखान्यात वारला. पोरगा जागेवरून पळाला नाही, ॲम्ब्युलन्सला फोन त्यानंच लावला. तिथल्या पोलिसांनी जबाब घेतला, मोबाइल जप्त केला आणि तपास चालू आहे, बोलावलं की यायचं असं सांगून सोडलं. पाच महिन्यांनी बापाचं हार्टचं ऑपरेशन निघालं म्हणून तो गावी आला, आणि मग परत गेलाच नाही. तिथल्या पोलिसांचे दोन ईमेल आले होते, त्यानं ते उघडून पाहिले आणि तसेच ठेवले. घरी कोणाला अपघाताचं काही सांगितलं नव्हतं. अडीच वर्षं तो घरच्या तीन एकरात कापूस-तूर करत राहिला आणि आपल्याला वाटलं तसं त्यालाही वाटलं असेल की विषय मिटला.

अटक झाल्यावर त्याला आमच्याच तालुक्याच्या मॅजिस्ट्रेटपुढं आणलं, कारण वॉरंट काढणारं कोर्ट तीस किलोमीटरच्या आत नसलं तर जवळच्या मॅजिस्ट्रेटपुढं हजर करावं लागतं. मी उभा राहिलो. मला वाटलं होतं इथंच काही लढता येईल, पण तिथं प्रश्न एकच होता की वॉरंटमधला माणूस हाच आहे का. ट्रान्झिट रिमांड, म्हणजे दिल्लीला नेण्यापुरता ताबा, पोलिसांना मिळाला आणि त्याच रात्री नागपूरवरून दिल्लीच्या गाडीत त्याला बसवलं.

पहिली चूक माझी. मी घरी येऊन कायदा उघडला, कलम ३४-ब मध्ये साठ दिवस दिसले आणि मी काकाजींना, म्हणजे पोराच्या बापाला, सांगून बसलो की साठ दिवसांत बाहेरून कागद आले नाही तर पोरगा सुटतो. ते बिचारे भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज एक रेघ मारत होते. पण ते साठ दिवस असतात तातडीच्या अटकेसाठी, म्हणजे दुसऱ्या देशानं आधी पकडून ठेवा, कागद मागून पाठवतो असं कळवलं असेल तेव्हा. आमच्या प्रकरणात रीतसर मागणी आधीच येऊन पडली होती, परराष्ट्र मंत्रालयानं ती तपासून कलम ५ चा, म्हणजे मॅजिस्ट्रेटनं चौकशी करावी असा, आदेश काढला होता आणि त्यावर मॅजिस्ट्रेटनं कलम ६ खाली वॉरंट दिलं होतं. वॉरंटवरच कलम लिहिलेलं होतं, मी नीट वाचलं नाही.

दुसरी चूक दिल्लीतल्या वकिलाची निवड. कोणीतरी कोणाचा नंबर दिला, त्यानं फोनवर ठासून सांगितलं की बाहेरदेशातून साक्षीदार येणार नाही, त्यांचा वकील येणार नाही, केस आपोआप खलास. काकाजींनी बैलजोडी विकली, एक लाख दहा हजार आले, ते सगळे तिकडं गेले. हे गृहस्थ तारखेला उभे राहायचे आणि म्हणायचे की मागणी करणाऱ्या देशातर्फे कोणी हजर नाही, सबब अर्ज काढून टाकावा. चार महिने हेच चाललं. जामीन दोनदा नाकारला गेला. जामीन मिळतच नाही असं नाही, कलम २५ प्रमाणं मॅजिस्ट्रेटला त्यासाठी सेशन कोर्टाइतके अधिकार असतात, पण जो माणूस तिथं बोलावल्यावर येतो म्हणून आला नाही तो इथंही निघून जाईल असं कोर्टाला वाटणं साहजिक होतं.

तिसऱ्या तारखेला मी आणि काकाजी सोबत गेलो. पटियाला हाउस कोर्टाच्या बाहेर डब्यातल्या पोळ्या खाल्ल्या आणि आत जाऊन मागच्या बाकावर बसलो. पुकारा झाला तेव्हा काकाजींनी माझी बाही ओढली. नावात एका बाजूला भारत सरकार होतं आणि दुसऱ्या बाजूला त्यांचा पोरगा. समोरच्या टेबलावर काळ्या कोटात एक मॅडम उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, भारत सरकारतर्फे.

बाहेर आल्यावर काकाजी म्हणाले, "वकीलसाहेब, त्या देशाचा वकील कोठी हाये मंग? हे तं आपल्याच सरकारची बाई हाये. आपलंच सरकार आपल्या पोट्ट्याच्या इरोधात उभं राह्यते काहून?"

मला उत्तर देता आलं नाही, खरं सांगतो. त्या रात्री धर्मशाळेत मी मोबाइलवर बसून वाचत राहिलो आणि पुढच्या काही आठवड्यांत जे समजलं ते असं.

प्रत्यार्पणाची मागणी एक सरकार दुसऱ्या सरकारकडं करतं. त्या देशाचा पोलीस किंवा त्यांची एम्बसी आपल्या मॅजिस्ट्रेटकडं येऊन अर्ज देत नाही. मागणी परराष्ट्र मंत्रालयाकडं येते आणि तिथून पुढं कोर्टात ती मांडायची जबाबदारी आपल्या केंद्र सरकारची होते. बहुतेक करारांत हे सरळ लिहिलेलं असतं. भारत आणि अमेरिकेचा १९९७ चा करार घ्या, त्यात म्हटलं आहे की ज्या देशाकडं मागणी आली त्यानं मागणाऱ्या देशाला सल्ला द्यायचा, मदत करायची, त्याच्यातर्फे कोर्टात उभं राहायचं आणि त्याचे हितसंबंध मांडायचे. भाषांतराचा आणि माणूस घेऊन जायचा खर्च मागणाऱ्यानं करायचा. शिवाय बाहेरच्या देशाचा वकील आपल्या कोर्टात उभा राहूच शकत नाही, २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टानं ते पक्कं केलं आणि २०२३ मध्ये बार कौन्सिलनं जे नियम आणले त्यातही परदेशी वकिलांना कोर्टात हजर व्हायला मनाईच ठेवली. म्हणून त्या देशाचा वकील येईल याची वाट पाहणं किंवा तो आला नाही म्हणून केस पडेल असं समजणं, दोन्ही चुकीचं. साक्षीदारांचंही तेच, कलम १० प्रमाणं तिथल्या अधिकाऱ्यांनी प्रमाणित केलेले जबाब आणि कागद इथं पुरावा म्हणून चालतात, कोणाला विमानानं आणायची गरज नाही. आमच्या प्रकरणात साक्षीला उभे राहिले ते मंत्रालयातले एक अधिकारी, त्यांनी मागणी कशी आली आणि कागद कसे आले एवढंच सांगितलं.

काकाजींना मी म्हटलं, मुखत्यारपत्र माहीत आहे ना, नागपूरला राहणाऱ्या शेतमालकाचा मुखत्यार तहसीलीत सही करतो, तसं समजा. त्यांना पटकन समजलं. पण मग त्यांनीच पुढचा प्रश्न केला, "मल्ल्याच्या टायमाले आपला वकील लंडनले गेला व्हता का मंग?"

नव्हता गेला. तिथं हेच उलट्या बाजूनं झालं. मल्ल्याला एप्रिल २०१७ मध्ये लंडनमध्ये अटक झाली आणि वेस्टमिन्स्टरच्या मॅजिस्ट्रेट कोर्टात भारताची बाजू मांडली ती इंग्लंडच्या क्राउन प्रॉसिक्यूशन सर्व्हिसनं, म्हणजे त्यांच्या सरकारी वकिलांच्या खात्यानं, आणि त्यांनी नेमलेल्या तिथल्याच बॅरिस्टरांनी. आपल्या सीबीआयचे अधिकारी जाऊन मागं बसायचे, कागद पुरवायचे, पण बोलायचा तो इंग्रज वकील. आर्थर रोड जेलच्या बराक नंबर १२ मध्ये उजेड किती येतो, संडास कसा आहे, हे कोर्टाला दाखवायला भारतानं व्हिडिओ दिला तो पण याच वकिलांच्या हातून पुढं गेला. १० डिसेंबर २०१८ ला मॅजिस्ट्रेटनं भारताच्या बाजूनं निकाल दिला, एप्रिल २०२० मध्ये तिथल्या हायकोर्टानं अपील फेटाळलं. नीरव मोदीचं पण तसंच, २५ फेब्रुवारी २०२१ चा निकाल, त्या वकिलांनीच आणलेला. आणि मुंबईच्या २६/११ हल्ल्यातला आरोपी तहव्वूर राणाला एप्रिल २०२५ मध्ये भारतात आणलं त्याआधी अमेरिकेच्या कोर्टांत भारताच्या मागणीसाठी झगडत होते ते अमेरिकन सरकारचे वकील. इंग्लंडात एक सोय जास्तीची आहे, मागणाऱ्या देशाला वाटलं तर तो सरकारी खात्याला नको म्हणून स्वतःचा वकील लावू शकतो. आपल्याकडं आम्हाला तसं काही पाहायला मिळालं नाही.

हे सगळं ऐकून काकाजी बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हंजे त्यायचा वकील आपल्यासाठी भांडते अन् आपला त्यायच्यासाठी." बस, एवढंच आहे ते. पण मुखत्याराची उपमा पुढं मलाच खटकायला लागली. मुखत्यार मालक म्हणेल तसं करतो. इथं तसं नाही. मॅडमना सूचना देत होतं आपलं मंत्रालय, त्या देशाची एम्बसी नाही. आणि मॅजिस्ट्रेटनं होकार दिला तरी शेवटी माणूस सोपवायचा की नाही हे ठरवतं तेच केंद्र सरकार, कलम २९ खाली ते अन्याय होतोय असं वाटलं तर सोडूनही देऊ शकतं. म्हणजे दुसऱ्याची बाजू मांडणारं पण तेच आणि शेवटी न्याय करणारं पण तेच. मला अजूनही यात अवघडल्यासारखं होतं. माझं मत असं झालं की या पूर्ण गाड्यात दोनच चाकं भरवशाची आहेत, मधला मॅजिस्ट्रेट आणि सरकारी वकिलाचा सरळपणा, आणि दुसरं चाक कायद्यात कुठं फारसं लिहिलेलं नाही, ते त्या माणसावर अवलंबून आहे.

लंडनमध्ये याचंच एक वाईट उदाहरण घडलेलं आहे. सप्टेंबर २००१ मध्ये अमेरिकेच्या मागणीवरून एका अल्जेरियन पायलटला धरलं, ११ सप्टेंबरच्या हल्लेखोरांना यानं शिकवलं असं म्हणून, आणि त्याला जवळपास पाच महिने जेलमध्ये ठेवलं. पुरावा काही निघाला नाही, एप्रिल २००२ मध्ये कोर्टानं सोडलं. नंतर २००८ मध्ये तिथल्या अपील कोर्टानं सरकारी वकिलांच्या खात्यावर कडक ताशेरे ओढले. म्हणजे आम्ही फक्त दुसऱ्याचा निरोप वाचून दाखवत होतो असं म्हणून वकिलाला हात झटकता येत नाहीत.

असो. आमच्याकडं तोवर संक्रांत आली होती, पैसे संपले होते. तारखेच्या दिवशी कोर्टातल्याच एका कारकुनानं विचारलं की पोरगा आत आहे तर लीगल एड का घेत नाही. मला लाज वाटली. विधी सेवा प्राधिकरणाच्या १९८७ च्या कायद्यात कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळतो, त्याची कमाई किती हे पाहत नाहीत, हे मी स्वतः आमच्या तालुक्यात शिबिरांमधून सांगत आलो आहे. परक्या देशाच्या मागणीला ते लागू होईल हे डोक्यातच आलं नाही. आठ दिवसांत वकील मिळाला, तिशीतला पोरगा, शांत. त्यानं पहिलं काम केलं ते फाइल पान पान वाचायचं, जे आधीच्या वकिलानं केलं नव्हतं आणि मीही नव्हतं.

फाइल दोनशेच्या आसपास पानांची. तिथल्या पोलिसाचा गोषवारा असा होता की धडकेच्या वेळी आरोपी मोबाइलवर बोलत होता. त्याला जोडून मोबाइल कंपनीचा तक्ता. त्या तक्त्यात मी बोट फिरवत खाली आलो आणि थांबलो. त्या दिवशीचा शेवटचा कॉल आलेला होता तो +९१ नं सुरू होणाऱ्या नंबरवरून, आणि तो नंबर मला पाठ होता कारण चार महिन्यांपासून मी रोज त्यावरच फोन करत होतो. काकाजींच्या घरचा नंबर. घरी तो फोन मायच वापरते. तिथं संध्याकाळ असेल तेव्हा इथं रात्रीचे अकरा वाजून गेलेले, पोराची ड्युटी सुटायची वेळ म्हणून ती जागी राहून फोन लावायची.

मी काकाजींना त्या दिवशी सांगितलं नाही. पोराला जेलमध्ये भेटल्यावर विचारलं तर त्यानं एवढंच म्हटलं, "दादा, म्हणूनच तं घरी सांगतलं नाई न."

लीगल एडच्या वकिलाला मात्र दुसरंच दिसलं होतं. परिशिष्टातली पानं ४१ वरून एकदम ४३ वर जात होती. तक्त्यात कॉल कधी सुरू झाला ते होतं, कधी संपला तो रकाना पुढच्या पानावर असणार, ते पान नव्हतं. मी म्हटलं यावर जोरदार भांडू, अपुरे कागद म्हणून मागणीच फेटाळा म्हणू. तो म्हणाला, सर, आधी मॅडमला विचारून पाहतो. मला ते पटलं नाही, समोरच्या पक्षाला आपला मुद्दा आधीच कशाला द्यायचा, आपल्या इकडं कोणी असं करत नाही. पण त्यानं केलं.

मॅडमनी पान पाहिलं, आपली प्रत काढली, तिच्यातही ४२ नव्हतं. त्या म्हणू शकल्या असत्या की आमच्याकडं जे आलं ते दिलं. त्यांनी कोर्टात स्वतः उभं राहून सांगितलं की एक पान कमी आहे, ते मंत्रालयामार्फत मागवते, वेळ द्यावा. मग हिंदीत मला म्हणाल्या की त्या देशाची मागणी मी मांडते हे खरं, पण तुमच्या पोराच्या फायद्याचा कागद असला तर तो पण माझ्याच हातून कोर्टापुढं यायला पाहिजे. आम्ही चार महिने ज्या बाईकडं दुश्मन म्हणून पाहत होतो, आणि एम्बसीला तीन रजिस्टर पत्रं पाठवून ज्यांचं एका ओळीचं उत्तर आलं होतं की विषय भारतीय अधिकाऱ्यांकडं आहे, तो रस्ता सगळा या बाईच्या टेबलावरूनच जात होता. अपघाताच्या क्लेममध्ये करतो तसं त्या म्हाताऱ्याच्या घरच्यांशी तडजोड करता येईल का म्हणून काकाजींनी खासदारांचं पत्र सुद्धा मिळवलं होतं, त्याचा काही उपयोग नव्हता, तो खटला तिथल्या सरकारचा होता, घरच्यांचा नाही.

होळीच्या आठ दिवस आधी पान ४२ आलं, शिक्क्यासहित. कॉल संपल्याची वेळ आणि पोरानं ॲम्ब्युलन्सला लावलेल्या फोनची वेळ, दोन्ही त्याच पानावर. मधलं अंतर चार मिनिटं.

या चार मिनिटांनी केस जिंकली असं झालं नाही, आणि ते होणारही नव्हतं. ॲम्ब्युलन्सला फोन लावायच्या आधी तो किती वेळ गोंधळून उभा होता हे त्या कागदावर येत नाही. धडक कॉल चालू असताना झाली असेल किंवा संपल्यावर. मॅजिस्ट्रेटनी मे महिन्यात आदेश दिला, त्यात म्हटलं की हा खटला नाही, कलम ७ ची चौकशी आहे, इथं प्रथमदर्शनी केस आहे का एवढंच पाहायचं, पुरावा तोलायचं काम तिथल्या कोर्टाचं. सुप्रीम कोर्टानं २००७ पासून हेच सांगून ठेवलेलं आहे. गुन्हा दोन्हीकडं गुन्हा पाहिजे आणि शिक्षा किमान एक वर्षाची पाहिजे ही करारातली अट, तर तेव्हाच्या आपल्या भारतीय दंड संहितेतल्या कलम ३०४-अ ला, म्हणजे निष्काळजीपणानं मृत्यू घडवल्याच्या गुन्ह्याला, दोन वर्षं होती, म्हणजे अट भागली. राजकीय गुन्हा वगैरे प्रश्नच नव्हता. पण त्या आदेशात मॅजिस्ट्रेटनी पान ४२ चा स्पष्ट उल्लेख केला आणि ते रेकॉर्डचा भाग केलं, आणि तसं करावं असं मॅडमनीच सुचवलं होतं.

भारतीय नागरिकाला सोपवतातच कसे हा प्रश्न गावात सगळ्यांनी विचारला. उत्तर करारावर आहे. यूएई सोबतच्या करारात आपापले नागरिक द्यायचे नाहीत असं आहे, तिथून मागणी असती तर इथंच खटला चालवायची गोष्ट झाली असती. आमच्या देशाच्या करारात तशी सूट नव्हती.

या कायद्यात मॅजिस्ट्रेटच्या आदेशावर अपील दिलेलं नाही, हायकोर्टात रिट करता येते. आम्ही तयारी केली होती. पोरानंच नको म्हटलं. जेलमधल्या जाळीच्या पलीकडून म्हणाला की हायकोर्टात अजून वर्ष जाईल आणि मग तिथं जाऊन परत पहिल्यापासून, त्यापेक्षा जातो, ते पान घेऊन जातो. मी त्याला दोन दिवस विचार कर म्हटलं. दोन दिवसांनी पण तेच.

मग आम्ही सगळा जीव लावला तो कलम ७ मधल्या लेखी निवेदनावर, जे मॅजिस्ट्रेटच्या अहवालासोबत केंद्र सरकारकडं जातं. ते मी मराठीत लिहिलं आणि लीगल एडच्या वकिलानं इंग्रजी केलं. त्यात मागितलं की ज्या गुन्ह्यासाठी नेता त्याच्याशिवाय दुसरा गुन्हा लावू नये, लावलाच तर याच हकीकतीवरचा हलका लावता येईल, तेवढी मोकळीक कायद्यातच आहे. इथं जेलमध्ये काढलेले दिवस तिथं कळवावे. मराठीचा दुभाषी द्यावा. आणि शिक्षा झाली तर २००३ च्या कैदी प्रत्यावर्तन कायद्यात ती भारतात भोगायची मुभा असते, त्याचा विचार व्हावा. हे सगळं तिकडं पोचवलं कोणी, तर मंत्रालयानं, मॅडमच्या शेऱ्यासहित. अशी हमी देणं-घेणं हा या कामाचा मोठा भाग आहे. इंग्लंडातून क्रिकेटच्या मॅच फिक्सिंगमधला एक आरोपी फेब्रुवारी २०२० मध्ये दिल्लीला आणला, त्याला पहिल्यांदा कोर्टानं तिहारच्या अवस्थेवरून नकारच दिला होता, भारतानं लेखी हमी दिल्यावर हायकोर्टाचं समाधान झालं. तिथं भारताची हमी त्यांच्या वकिलांनी नेली, इथं त्यांची हमी आमच्या मॅडमनी आणली, दुभाष्याची आणि एकाच गुन्ह्याची. दिवसांच्या हिशोबाबद्दल उत्तर आलं की तिथलं कोर्ट ठरवेल.

आदेशानंतर दोन महिन्यांत देशाबाहेर नेलं नाही तर हायकोर्टाकडं सुटका मागता येते, पण तशी वेळ आली नाही. मृगाच्या पहिल्या पावसात काकाजी पेरणी अर्धी ठेवून दिल्लीला आले. एअरपोर्टवर भेटू देत नाहीत, जेलमध्येच भेट झाली. काकाजींनी त्याच्यासाठी घरचं तिळाचं तेल आणलं होतं ते परत न्यावं लागलं. पोरानं पायाला हात लावायचा प्रयत्न केला, मध्ये जाळी होती.

तिथल्या कोर्टात सात महिन्यांनी निकाल लागला. धोकादायक गाडी चालवल्याचा मोठा आरोप सरकारी पक्षानं सोडला आणि निष्काळजीपणाच्या हलक्या गुन्ह्यावर पोरानं कबुली दिली. तिथल्या त्याच्या वकिलानं आम्हाला व्हिडिओ कॉल केला होता, दुभाषी पुण्याकडची होती, काकाजींचं अर्धं बोलणं तिला समजत नव्हतं तर मीच मध्ये सांगत होतो. त्या वकिलानं सांगितलं की सरकारी पक्षाच्या स्वतःच्या फाइलमध्ये पान ४२ होतं, पण भारतातल्या मॅजिस्ट्रेटच्या आदेशात त्याचा उल्लेख असल्यानं ते पहिल्याच दिवशी चर्चेत आलं. शिक्षा झाली, दिल्लीतले दिवस त्यातून वजा मिळाले. अजून काही महिने बाकी आहेत.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेलो. काकाजी वावरात होते. काकू चुलीपाशी बसल्या होत्या, मला पाटावर बसवलं, पाणी दिलं, आणि मग माझ्याकडं न पाहता विचारलं, "वकीलसाहेब, तवा माहाच फोन व्हता का जी?"

कोणी सांगितलं मला माहीत नाही. मी हो म्हटलं. मग पिशवीतून पान ४२ ची झेरॉक्स काढली आणि मराठीत वाचून दाखवली, तुमचा कॉल किती वाजता बंद झाला, त्याचा ॲम्ब्युलन्सला फोन किती वाजता गेला. त्यांनी दोन्ही वेळा माझ्याकडून परत म्हणवून घेतल्या आणि बोटावर मोजलं.

"चार मिन्टं," म्हणाल्या. "म्हंजे मी ठिवला व्हता."

झेरॉक्स मी त्यांच्याकडंच ठेवून आलो. त्यांनी ती सोसायटीच्या पासबुकात घडी करून ठेवली.